दम धरायचा नाही: नागपुरात राहून स्कुबा शिकण्याविषयी

धरमपेठेतील एका भगिनीने मला सविस्तर पत्र लिहून चार गोष्टी विचारल्या आहेत. त्यांचे वय 46 आहे आणि पोहणे बेताचे येते. मागील हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पर्यटकांसाठी असते तशी स्कुबाची एक फेरी त्यांनी केली होती. नावेवर पाच मिनिटे सूचना मिळाल्या, गाईडने मागून सिलिंडरला धरून त्यांना खाली नेले, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मास्कमध्ये पाणी शिरले, त्यांनी श्वास रोखून हातपाय झाडले आणि त्यांना वर आणावे लागले. तेव्हापासून आंघोळीच्या वेळी तोंडावर पाणी घेतले तरी छातीत धडधडते, असे त्या लिहितात. आता त्यांच्या 12 वर्षांच्या मुलीला अंदमानात डायव्हिंग शिकायचे आहे. या वयात आणि या भीतीसह आपल्याला शिकता येईल का, समुद्र आठशे किलोमीटरवर असताना नागपुरात काय तयारी करता येईल, तुम्ही स्वतः कशा शिकलात आणि मुलीला सोबत घेता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

डॉक्टरांनी प्रकृतीचा निर्वाळा दिला तर तुम्हाला शिकता येईल. मी तेरा वर्षे शिकवते आहे आणि तुमच्यासारखा पहिला अनुभव घेऊन आलेली माणसे माझ्याकडे दर हंगामात असतात. तुमच्या पत्रातले 'मी श्वास रोखून धरला' हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण माझ्या मते तुमची सगळी अडचण तिथेच आहे. ती धैर्याची अडचण नाही. पाण्यात तोंड गेले की दम धरायचा, ही सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते, आणि स्कुबा शिकताना नेमकी तीच सवय मोडावी लागते. मलाही ती मोडावी लागली, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

माझे आजोळ काटोलजवळचे. मामाच्या संत्र्याच्या बागेत मोठी बांधीव विहीर होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मामे-मावस भावंडे तिच्यात पोहायला शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधून आधी कडेकडेने, मग डबा सोडून, आणि शेवटी कठड्यावरून उडी. पण पोहता येणे म्हणजे मोठेपण नव्हते. बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन येणारा खरा पोहणारा, असा आमचा दंडक होता. त्या विहिरीत मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असे. मामा काठावर उकिडवे बसून ओरडत, "दम सोडू नोको, पोरी!" मी गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून खाली जाई आणि मूठभर काळा गाळ घेऊन वर येई, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मला आजही दिसते. दहा-अकरा वर्षांच्या वयात शिकलेली ही गोष्ट हाडीमाशी खिळते. पाण्याखाली श्वास म्हणजे शिदोरी, ती जपून वापरायची, हा समज माझ्यात तेव्हाच पक्का झाला.

विहिरीत तो समज खरा होता. दोन पुरुष म्हणजे सुमारे साडेतीन मीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण मानतात आणि पाण्यात दर 10 मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे विहिरीच्या तळाशी दाब साधारण 1.35 पट होतो. वर काठोकाठ भरून घेतलेली छाती त्या दाबाने दबून तीन-चतुर्थांशावर येते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. हवा आपण वरून नेली, तेवढीच परत आणली. त्यामुळे तिथे दम धरल्याने छाती फाटण्याचा धोका नाही. आता त्याच विहिरीच्या तळाशी मला कोणी सिलिंडर दिला असता, तर काय झाले असते, ते पाहा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण, ज्या खोलीवर आपण असतो त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. तळाशी मी पाच लिटर छाती भरून घेतली, मामांच्या सांगण्याप्रमाणे दम धरला आणि तशीच वर आले, तर पृष्ठभागाशी तीच हवा पावणेसात लिटर होऊ पाहील. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाच्या पातळ भिंती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. रॉबर्ट बॉइल यांनी 1662 साली मांडलेला, आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला दाब आणि आकारमानाचा नियम तो हाच. पूर्ण भरलेल्या छातीने दम धरून सव्वा-दीड मीटर वर येणेही इजा करण्यास पुरेसे असते. म्हणून जगातल्या प्रत्येक डायव्हिंग अभ्यासक्रमात पहिला नियम एकच असतो: श्वास चालू ठेवा, तो कधीही रोखू नका.

हे सर्व मला 2008 साली, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आता ज्याला स्वराज द्वीप म्हणतात तिथे, पुस्तकातून समजले होते. लेखी परीक्षेत एकही उत्तर चुकले नव्हते. पहिले दोन दिवस किनाऱ्याजवळच्या छातीभर पाण्यात गुडघे टेकून सराव झाला, तोही बरा गेला. तिसऱ्या दिवशी नऊ मीटरवर वाळूत बसवून प्रशिक्षकांनी मास्कमध्ये अर्धे पाणी भरून ते बाहेर काढण्याची खूण केली. मी मास्कची कड उचलली, थंड पाणी नाकाशी आले आणि त्या क्षणी पुस्तक, परीक्षा सारे पुसले गेले. मी काटोलच्या विहिरीत होते. गाल फुगले, दम धरला गेला आणि पायांनी आपोआप वरची वाट धरली.

प्रशिक्षकांनी माझ्या छातीवरचा पट्टा धरून मला जागीच ठेवले. त्यांनी ओढले नाही, रागाने खुणाही केल्या नाहीत. दुसऱ्या हाताचे बोट स्वतःच्या तोंडाशी नेले आणि रेग्युलेटरमधून अगदी सावकाश बुडबुडे सोडले. अर्ध्या भरलेल्या मास्कमधून मला फक्त ते रुपेरी गोळे वर जाताना धूसर दिसत होते. त्यांनी पुन्हा तसेच केले. तिसऱ्यांदा माझ्याही तोंडातून बुडबुडे निघाले. श्वास सुटला, तसा पुढचा श्वास आपोआप आत आला, कारण तोंडात रेग्युलेटर होता आणि हवा सगळा वेळ तिथेच होती. मग मी मान किंचित वर केली, मास्कची वरची कड कपाळावर दाबली, नाकाने फुंकर घातली आणि पाणी खालच्या कडेने निघून गेले. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल. त्या दिवसाची माझ्या लॉगबुकातली नोंद अशी आहे: '9 मीटर, 23 मिनिटे, हवा 200 वरून 60 बार, वजन 6 किलो. मास्कमध्ये पाणी. मासे पाहिले नाहीत.' बार हे सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचे माप, आणि वजन म्हणजे खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधलेले. त्या भागात पोपट मासे आणि विदूषक मासे भरपूर असतात, पण मला एकही आठवत नाही.

पुढे मी शिकवू लागले, तेव्हा लक्षात आले की बहुतेकांच्या आठवणी अशाच असतात. पहिल्या डाइव्हबद्दल विचारले तर लोक माशांबद्दल क्वचित बोलतात. कानात घुमणारा स्वतःच्याच श्वासाचा आवाज, मास्कमधले पाणी, कानातली कळ, प्रशिक्षकाच्या हाताची पकड यांच्याबद्दल बोलतात. माझ्याकडे शिकलेल्या एका गृहिणीला, लाल पोहण्याचा पोशाख खाली तपकिरी दिसू लागला याचेच अप्रूप राहिले. पाणी लाल रंग सर्वात आधी शोषून घेते आणि काही मीटरवरच तो फिका पडतो, हे तिला वर्गात सांगितले होते, पण डोळ्यांनी पाहिले तेव्हाच ते खरे वाटले. मासे आणि प्रवाळ पाहण्याची फुरसत चौथ्या-पाचव्या डाइव्हपासून मिळते. पहिल्या फेरीत काही पाहता आले नाही म्हणून तुम्हाला वाटणारी खंत, त्यामुळे, मनातून काढून टाका.

त्या पर्यटक फेरीविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. अशा फेऱ्या चांगल्या हातांत आनंददायक असतात. पाण्याखालचे जग एकदा पाहावे एवढ्यासाठी त्या ठीक आहेत. पण तिथे तुम्ही डायव्हर नसता. तरंगण्याचा तोल, खोली, हवा, वेळ, सारे गाईड सांभाळतो आणि तुम्ही त्याच्या हातातले सामान असता. मास्कमध्ये पाणी आले तर काय करायचे, हे नावेवर पाच मिनिटांत ऐकून कोणालाच जमत नाही. ते उथळ पाण्यात दहा-वीस वेळा करूनच जमते. तो सराव न देता माणसाला खोल पाण्यात नेणे मला चुकीचे वाटते, आणि तुम्ही घाबरलात यात तुमचा काडीचा दोष नाही. खुणांचेही तसेच आहे. अंगठा वर करणे म्हणजे आपल्या दृष्टीने 'छान'. डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ 'मला वर जायचे आहे' असा होतो. आनंदाने अंगठा दाखवल्यामुळे गाईडने लगेच वर आणलेली माणसे मला दरवर्षी भेटतात. सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ.

तुमची दुसरी भीती मला पत्राच्या ओळींमागे दिसली: हवा मध्येच बंद पडली तर? आज आपण वापरतो त्या रेग्युलेटरचे मूळ रूप 1943 साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केले. गान्यां हे अभियंते होते आणि युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी त्यांनी बनवलेली झडप या कामी आली. तिची खुबी अशी की आपण श्वास आत ओढला तरच ती उघडते आणि सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देते, त्यामुळे खोलवरही श्वास ओढायला जोर लागत नाही. आताचे रेग्युलेटर साधारणपणे असे घडवलेले असतात की बिघाड झाला तर हवा बंद पडण्याऐवजी भसाभसा सुटत राहते, आणि तशा वाहत्या हवेतूनही श्वास घेण्याचा सराव अभ्यासक्रमात करून घेतात. शिवाय प्रत्येकाच्या रेग्युलेटरला, जोडीदाराला श्वास घेता यावा म्हणून, तोंडात धरायचा दुसरा भाग असतो.

हवा किती पुरते, हा हिशेबही श्वासाशीच येऊन थांबतो. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 11 लिटरचा असतो आणि तो 200 बारपर्यंत भरतात, म्हणजे जवळपास 2200 लिटर हवा. त्यातले 50 बार राखीव ठेवून वर यायचे असते. शांतपणे श्वास घेणाऱ्याला पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागते असे धरले, तर 10 मीटरवर दुप्पट दाबामुळे 40 लिटर लागेल आणि तो चाळीस मिनिटे आरामात राहील. घाबरून धापा टाकणारा दीडपट हवा वापरतो आणि सत्तावीस मिनिटांत त्याचा काटा 50 वर येतो. हवा वाचवण्यासाठी श्वास रोखून रोखून घेणारेही असतात. ते सर्वांत वाईट, कारण त्यात धोका वाढतो, कर्बवायू साचून डोके दुखते आणि हवा काही वाचत नाही. माझ्या पाहण्यातला सर्वांत कठीण विद्यार्थी राज्य पातळीवर पोहलेला एक तरुण होता. चार हात मारायचे आणि एक श्वास घ्यायचा, ही लय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की सिलिंडर लावूनही तो तसाच श्वास घेई. याउलट अजनीत राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिनचालक 61 व्या वर्षी आले. पोहण्यात ते तुमच्याइतकेच बेताचे होते. पण चाळीस वर्षे काट्यांवर नजर ठेवून बसण्याची सवय होती. दर मिनिटाला खोली आणि हवा पाहायची, सिग्नल दिसला की खुणेने उत्तर द्यायचे, आणि घाई म्हणून करायची नाही. दुसऱ्याच डाइव्हला त्यांचा श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ झाला होता.

आता नागपुरातील तयारी. ओपन वॉटर या पहिल्या अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात: अभ्यास, बंदिस्त पाण्यातील सराव आणि समुद्रातील चार डाइव्ह. पाडी, एसएसआय यांसारख्या, डायव्हिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पद्धतीत पहिले दोन भाग आपल्या गावच्या जलतरण तलावात मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे पूर्ण करून, त्याचा दाखला घेऊन समुद्रावर उरलेले चार डाइव्ह करता येतात. नागपूरकरांनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. अंदमानात चार दिवसांची सुट्टी असते, माणूस प्रवासाने थकलेला असतो, आणि मास्कची भीती घालवायला पाच दिवस लागणार असतील तर तिथे कोणालाच तेवढा वेळ नसतो. इथे मार्चपासून तलावाचे पाणी उबदार होते. आठवड्यातून दोनदा येऊन दीड महिना घ्या, कोणी घाई करणार नाही.

तलाव उथळ म्हणून सोपा, असेही समजू नका. तरंगण्याचा तोल साधणे उथळ पाण्यातच सर्वांत अवघड असते. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, तर 20 पासून 30 मीटरपर्यंत तो फक्त तीनाचे चार होतो. म्हणजे तरंगण्याचा तोल सांभाळण्यासाठी जे जॅकेट घालतो, त्यातली हवा सर्वांत झपाट्याने फुगते आणि आकसते ती वरच्या थरात. जो तलावाच्या दोन मीटर पाण्यात तळाला न टेकता आणि वर न येता, निव्वळ श्वासाने मिनिटभर अधांतरी राहू शकतो, त्याला समुद्रात काहीच नवे शिकावे लागत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून तिथे कमरेच्या पट्ट्यात दोन-तीन किलो वजन जास्त लागते. इथल्या अंदाजाने समुद्रात उतरलात तर खाली जाताच येणार नाही आणि उगाच वाटेल की आपल्याला जमत नाही.

मास्कची भीती घालवण्याचा माझा क्रम घरापासून सुरू होतो. एक स्नॉर्कल, म्हणजे चेहरा पाण्यात असताना वरची हवा घेण्यासाठी तोंडात धरायची नळी, विकत घ्या. घंगाळात किंवा मोठ्या टबात कोमट पाणी घ्या, घरातले कोणी शेजारी बसू द्या, मास्क न लावता स्नॉर्कल तोंडात धरून चेहरा पाण्यात टेकवा आणि तोंडाने श्वास घेत राहा. पहिल्या दिवशी तीन श्वास झाले तरी पुरे. नाकाला पाणी लागते आहे आणि तरीही श्वास चालला आहे, ही गोष्ट शरीराला पटायला हवी. मनाला ती आधीच पटलेली असते, पण त्याचा उपयोग नाही. आठवडाभराने वीस श्वास होतील, मग एक मिनिट. त्यानंतर तलावात कमरेइतक्या पाण्यात रेग्युलेटर लावून मास्कशिवाय हेच करायचे. आणि जेव्हा केव्हा गोंधळ उडेल तेव्हा एकच करायचे: आधी श्वास बाहेर सोडायचा. तोंडातून रेग्युलेटर निसटला तरी ओठांतून बुडबुड्यांची बारीक रेघ चालूच ठेवायची. मी विद्यार्थ्यांकडून हे इतके घोटून घेते की पुढे पुढे ते चहा पितानाही फुंकर लांबवतात.

कानांविषयी थोडे. विमान उतरताना कानाला दडे बसतात, तेच पाण्यात फार लवकर होते, पहिल्या एक-दोन मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे घशातून मधल्या कानाकडे जाणारी युस्टेशियन नलिका उघडते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागल्यावर करायचे नसते, दुखण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. तरीही दुखले तर थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये. सर्दी असताना पाण्यात उतरू नये आणि नाक मोकळे करणारी औषधे घेऊनही उतरू नये, कारण खाली असताना औषधाचा अंमल संपला तर वर येताना हवा अडकते. वातानुकूलित डब्यात रात्र काढून लोक सर्दी घेऊनच समुद्रावर पोहोचतात, म्हणून डाइव्हच्या आधी एक दिवस मोकळा ठेवण्याचा माझा आग्रह असतो.

अभ्यासक्रमासाठी 200 मीटर न थांबता पोहता आले पाहिजे आणि दहा मिनिटे तरंगता आले पाहिजे. वेळेचे बंधन नाही, कोणत्याही पद्धतीने पोहा. तुमचे बेताचे पोहणे तेवढे नसेल तर तेवढे होईपर्यंत सिलिंडरकडे वळू नका. वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, पूर्वी फुप्फुसातून हवा गळाल्याचा इतिहास यांची त्यात विचारणा असते, आणि 45 च्या पुढच्या व्यक्तींना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांविषयी वेगळे विचारले जाते. त्यातल्या काही प्रश्नांचे उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. तुमच्या वयात ती तशीही घ्यावी. आणि एक विनंती. सराव व्हावा म्हणून नागपूरच्या आसपासच्या खदानीत किंवा उघड्या तळ्यात कोणाच्या भरवशावर उतरू नका. गढूळ पाणी, तळाला झाडेझुडपे, मदतीला कोणी नाही. त्यातून आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे आणि 300 मीटरच्या वरचा डाइव्ह हा उंचीवरचा मानून त्याचे हिशेब वेगळे करावे लागतात.

उंचीचा हा विषय प्रवासात फार महत्त्वाचा ठरतो. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो; सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो, घाईने आले तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. पण वर आल्यावरही काही नायट्रोजन शरीरात उरतो, आणि विमानात दाब कमी होताच तो त्रास देऊ शकतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, अशी शिफारस आहे. मी पूर्ण 24 तास धरते. अंदमानच्या सहलीत शेवटचा दिवस कोरडा ठेवा, त्या दिवशी सेल्युलर जेल पाहा, सावरकरांच्या कोठडीपाशी घाई न करता थांबता येईल. मालवणला गेलात तरी हेच. सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने आंबोली घाट चढणारे लोक मी पाहिले आहेत. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, आणि गाडीने चढले तरी शरीराच्या दृष्टीने ते उंचीवर जाणेच असते. त्या रात्री खालीच मुक्काम करावा.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि पुन्हा एखादी फेरी करण्याऐवजी तुम्ही पूर्ण अभ्यासक्रम का करावा, याचेही उत्तर त्यातच आहे. पाडीच्या नियमांप्रमाणे 10 वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना ज्युनिअर ओपन वॉटर करता येते. 10 आणि 11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरपर्यंतच जाता येते. 12 ते 14 वयाच्या मुलांना 18 मीटरपर्यंत, पण प्रमाणपत्र असलेल्या प्रौढ डायव्हरच्या सोबतीनेच. म्हणजे तुम्ही शिकलात तर तुमच्या मुलीच्या जोडीदार तुम्ही होऊ शकता. नाही शिकलात तर प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कोणाबरोबर जाईल आणि तुम्ही नावेवर बसून बुडबुडे शोधाल. तिला तुमच्याआधी सगळे येईल, हे आताच सांगून ठेवते. मुलांना सवयी मोडाव्या लागत नाहीत, कारण त्या अजून पक्क्या झालेल्या नसतात. तिने पुढे जाऊ नये म्हणून स्वतःवर घाई लादू नका, आणि तुमच्यासाठी थांबावे म्हणून तिलाही अडवू नका.

दोघींनी एकत्र शिकावे अशी एकच गोष्ट मी पहिल्या दिवसापासून करून घेईन, ती म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी एकमेकींची तपासणी. जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजनाचा पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटतो का, सगळे बंद कोणते आणि कुठे आहेत. मग हवा. तुम्ही रेग्युलेटर तोंडात धरून चार मोठे श्वास घ्यायचे आणि त्या वेळी मुलीने तुमच्या दाबमापकाकडे पाहायचे. श्वासागणिक काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही, तसेच उतरायचे नाही. काटा जागचा हलला नाही की तिने वर्तुळाची खूण करायची, आणि मग तिचा रेग्युलेटर, तिचे चार श्वास आणि तुमची नजर काट्यावर. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता तलावावर या. येताना स्नॉर्कल आणा, आणि तोपर्यंत घंगाळात किती श्वास झाले ते वहीत लिहून आणा.